पात्यामागचा हात



१९ जुलै २०२४ पासून पुढे काही महिने साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखे मांडलेली होती. तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात पाठविली होती. ती पाहावयास जी माणसे लोटली त्यांत आम्हीही होतो. रांग हळूहळू पुढे सरकत होती आणि पुढची-मागची मंडळी आपापसात बोलत होती. कोणी मुलाला १६५९ सालच्या प्रतापगडाच्या भेटीची हकीगत सांगत होते. कोणी जाणते गृहस्थ शंका काढीत होते, की ही तीच वाघनखे कशावरून? शंका रास्त होती. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द लंडनच्या संग्रहालयानेच म्हटले आहे. ती होती ग्रँट डफ साहेबापाशी. हा गृहस्थ १८१८ पासून चार वर्षे साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि पुढे त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्याच्या वंशजाकडून ती संग्रहालयात गेली.

वाद चालला होता तो वाघनखे कोणाच्या हातात होती, एवढ्यापुरता. घटकाभर रांगेत उभे असता आम्हांस एक गोष्ट जाणवली. ती कोणाच्या हातून घडली, हे कोणीच विचारीत नव्हते. आम्हीही त्या क्षणापर्यंत विचारले नव्हते. बोटांत बसणारी ती कडी कोणी वाकविली, ती नखे कोणी तासली, त्यांना पाणी कोणी दिले? धरणारा हात आपण शेकडो वर्षे लक्षात ठेवतो. घडविणारा हात दुसऱ्या दिवशी विसरतो. आजच्या व्याख्यानात त्या दुसऱ्या हाताचा माग काढावयाचा आहे. त्यासाठी तलवारीसारखी मोठी वस्तू न घेता आम्ही मुद्दाम लहान वस्तू घेतली आहे: आपल्या खिशात मावणारा घडीचा चाकू, आणि त्याच्या गोतावळ्यातली इतर पाती.

शस्त्र आणि अवजार

चाकू ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. तिला शस्त्र म्हणावे की अवजार, हे ठरत नाही. आमटीला आमसूल हवे तसा घराला चाकू हवा. पण तोच चाकू रस्त्यावर कोणाच्या हाती चमकला की माणसे बाजूस सरतात. कायद्यालाही ही अडचण पडलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोजला आहे. पण घरकामासाठी, शेतीसाठी, कारखान्यासाठी केलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे लोखंड तेच, धार तीच. भेद करावयाचा तो मोजपट्टीने आणि हेतूने.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला होता. खंडेनवमीच्या दिवशी देवघरापुढे तलवार मांडली जाते, तशीच विळी मांडली जाते, कोयता मांडला जातो, सुताराचा वाकस आणि शिंप्याची कात्रीही मांडली जाते. सर्वांना तेच गंध आणि तेच झेंडूचे फूल. पात्याला पाते म्हणूनच मान द्यावयाचा, ही त्यामागची दृष्टी असे आम्हांस वाटते.

शिवकालात राज्यव्यवहारकोश रचला गेला. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी तो केला. त्याच्या दहा वर्गांत एक शस्त्रवर्ग आहे आणि एक लेखनवर्ग आहे. तलवार गाजविणारे राज्य दौत-लेखणीवाचून चालत नसे. आता लेखणी म्हणजे बोरू, आणि बोरू म्हटला की त्याच्या जोडीला चाकू आलाच. बोरू तासावयाचा, टोकाला तिरका छेद द्यावयाचा, मधोमध बारीक चीर पाडावयाची. टोक बोथट झाले की पुन्हा तासावयाचा. ह्या कामाच्या चाकूला कलमतराश असे नाव होते. मोडीच्या ज्या लाखो कागदांवर आपला इतिहास उभा आहे, त्यांतले प्रत्येक अक्षर उमटण्यापूर्वी कोणा कारकुनाने एका लहानशा पात्याने बोरू सावरलेला आहे. पातळ तरी न वाकणारे आणि कठीण तरी न तुटणारे असे पाते मिळाले तरच हे काम साधते. मोठ्या तलवारीत लोहाराची चूक एखादे वेळी झाकली जाईल. लहान पात्यात ती झाकत नाही.

मुंबईचे म्हणून गाजलेले पोलाद

ह्या लहान पात्याची एक गोष्ट इतिहासात नोंदली गेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईस हेलेनस स्कॉट नावाचा डॉक्टर होता. त्याने येथील पोलादाच्या काही वड्या लंडनला सर जोसेफ बँक्स ह्याच्याकडे पाठविल्या. बँक्स हा तेथील रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. त्या वड्यांवर जॉर्ज पिअर्सन ह्या शास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि १७९५ साली आपला निबंध सोसायटीपुढे ठेवला. प्रयोगातला एक भाग असा, की जेम्स स्टोडार्ट ह्या लंडनच्या नामांकित चाकूकाराकडे एक तुकडा देऊन त्याचा लेखणी तासण्याचा चाकू करविला. हे पोलाद घडवावयास फार अवघड गेले. ते लालभडक तापवून चालत नाही. अंधारात जेमतेम लाली दिसेल इतपतच तापवून ठोकावे लागते. पण चाकू तयार झाला तेव्हा त्याची धार तेथील उत्तम पोलादाच्या चाकूच्या तोडीची ठरली. पुढे स्टोडार्टने आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावरच छापले, की हिंदुस्थानातले हे पोलाद आपण युरोपातल्या उत्तमाहून उत्तम पोलादापेक्षा पसंत करतो. त्याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडेने १८१९ च्या सुमारास ह्या पोलादाचे पृथक्करण केले. विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध झालेला हा फॅरडे लोहाराचाच मुलगा होता, हे येथे सांगितले पाहिजे.

आता त्या निबंधाचा मथळा पाहा. त्यात ह्या पोलादाला मुंबईस तयार होणारे पोलाद म्हटले आहे! वास्तविक ते होत असे दक्षिणेत, म्हैसूरकडे आणि तेलंगणात. त्याला वूट्झ असे जे इंग्रजी नाव पडले, ते कानडी उक्कु ह्या शब्दाचा अपभ्रंश असावे असे विद्वान मानतात. सांगली-मिरजेच्या मंडळींना हा शब्द परका वाटू नये. मातीच्या लहान मुशीत लोखंडाचे तुकडे घालावयाचे, त्यांवर तरवडाची काष्ठे आणि रुईची पाने ठेवावयाची, तोंड मातीने लिंपून भट्टीत तासन्‌तास तापवावयाचे आणि हळूहळू निवू द्यावयाचे, अशी ती कृती. लाकूड-पानांतला कोळसा लोखंडात उतरे आणि सुमारे दीड टक्का कार्बन असलेले पोलाद तयार होई. तरवड आणि रुई! माण-खटावच्या माळावर ज्यांकडे आपण ढुंकून पाहत नाही अशी ही झुडपे जगाला चकित करणाऱ्या पोलादात कामी येत होती.

लंडनच्या चाकूकाराचे नाव राहिले, डॉक्टरचे राहिले, शास्त्रज्ञाचे राहिले. वडी ज्या मुशीत शिजली तिच्या धन्याचे नाव नाही. गावाचेही नाव नाही, कारण गावाच्या जागी मुंबई लिहिले गेले. ह्या विस्मृतीची किंमत पुढे पडली. एकोणिसाव्या शतकात ही विद्या लोप पावली, आणि तिच्या पात्यांवरील लाटांसारखी नक्षी कशी उमटे हे कोडे होऊन बसले. ते कोडे अलीकडे बऱ्याच अंशी उलगडले ते अमेरिकेत. आयोवातील प्राध्यापक व्हरहोवन आणि घोड्यांना नाल ठोकण्याचा धंदा करणारा लोहार आल्फ्रेड पेंड्रे ह्या दोघांनी मिळून दाखवून दिले, की मूळ खनिजातला व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी अल्प अंश त्या नक्षीच्या मुळाशी आहे. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९९८ चा. आपल्या भट्टीवाल्याला व्हॅनेडियमचे नाव ठाऊक नव्हते. पण कोणत्या खाणीची माती चालते आणि कोणत्या खाणीची चालत नाही हे त्याला ठाऊक असल्यावाचून ते काम होणे नव्हते. त्याचे ते ज्ञान कोणी लिहून घेतले असते तर पुढची पावणेदोनशे वर्षे वाचली असती.

घडीचा चाकू कसा होतो

घडीचा चाकू नवा नाही. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला असा एक चाकू अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यातली युक्ती अशी की धार स्वतःच्या मुठीतच निजते. म्यान निराळे लागत नाही. परंतु ही युक्ती साधणे हे सरळ सुरी करण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

साध्या कमानीच्या चाकूत मुख्य गोष्टी पाच: पाते, पाठीची कमान, आतले दोन पितळी पत्रे, मुठीच्या दोन फळ्या आणि खिळी. पाते एका खिळीभोवती फिरते. पाठीची कमान त्याच्या बुडावर दाब देऊन असते. म्हणून चाकू उघडा असता मिटत नाही आणि मिटला असता उघडत नाही. पात्यावर नखासाठी एक खाच असते. खाचेत नख घालून पाते ओढले, की अर्ध्यावर किंचित अडते आणि मग टक् असा आवाज करून जागी बसते. चाकू जमविणारे शौकीन हा आवाज कान देऊन ऐकतात. नंतर ते चाकू उजेडाकडे धरून पाहतात; कमान आणि पत्रा ह्यांच्या फटीतून उजेड दिसला, तर कारागीर कच्चा.

खरी परीक्षा पाणी देण्यात आहे. पाते तापवून तेलात अगर पाण्यात बुडविले की ते काचेसारखे कठीण होते आणि काचेसारखेच फुटू शकते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून उतरवावे लागते. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर त्या वेळी रंग चढू लागतात: प्रथम वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा रंग येतो सुमारे २२० ते २३० अंशांवर, निळा ३०० च्या आसपास. धारेचे पाते पिवळ्यावर थांबवावयाचे, कारण त्याला कठीणपणा हवा. कमान निळ्यावर न्यावयाची, कारण तिला लवचिकपणा हवा. एकाच चाकूत शेजारी शेजारी दोन निराळ्या स्वभावांचे पोलाद नांदवावयाचे असते. रंग ओसरावयाच्या आत निर्णय घ्यावयाचा असतो आणि तो क्षणाचाच असतो. हे शास्त्र पुस्तकात वाचून येते. हातात येते ते वर्षानुवर्षे भात्यापाशी बसून.

घडविणे हे लोहाराचे काम. घडलेल्या पात्याला घासून, उजळून धार देणे हे शिकलगाराचे. सैकल म्हणजे उजाळा देणे, ह्या अरबी शब्दावरून हे नाव आले. कुरुंदाच्या दगडाची पूड लाखेत बसवून केलेले चाक दोरीने फिरवावयाचे आणि त्यावर पाते धरावयाचे. हात किंचित तिरका झाला की धार गेली. जोर थोडा अधिक झाला की पाते तापून त्याचे पाणी उतरले. शिकलगार धार डोळ्यांनी जितकी पाहतो तितकीच बोटांनी पाहतो आणि चाकाच्या आवाजावरून कानांनीही पाहतो. हा कानाचा मुद्दा ध्यानात ठेवावा.

शस्त्रे गेली, हात राहिले

मराठेशाहीत सातारा आणि कृष्णाकाठची संस्थाने येथे लोहार-शिकलगारांना काम भरपूर होते. फौज म्हटली की तलवारी, भाले, कट्यारी आल्या, आणि पावसाळ्यात त्यांवर गंजही आलाच. १८१८ साली पेशवाई गेली आणि फौजा मोडल्या. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून काढले, आणि १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा केले. १८५७ नंतर लोकांची शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा चालला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे, करणे अगर विकणे हा गुन्हा ठरला. राजांचे काय झाले हे आपण शाळेत शिकलो. शिकलगाराचे काय झाले?

ह्याचे सर्वांत सुंदर उत्तर मिरजेत मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा मिरजेच्या शिकलगारांनी तंतुवाद्यांच्या कामात हात घातला. फरीदसाहेब ह्यांचे नाव त्या आरंभकाळातले म्हणून आदराने घेतले जाते. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गवयांचा राबता होता. त्यांच्या वाद्यांची दुरुस्ती करता करता नवी वाद्ये करण्यापर्यंत हे हात गेले. पंढरपूरच्या बाजूचे मोठाले भोपळे आणि तुणीचे लाकूड घेऊन मिरजेचा तंबोरा आणि मिरजेची सतार तयार होऊ लागली. पुढे उस्ताद अब्दुल करीमखाँ मिरजेस येऊन राहिले. १९३७ मध्ये ते वारले, त्यांची कबर तेथील दर्ग्याच्या आवारात आहे. थोरथोर गवयांच्या पाठीमागे मिरजेचा तंबोरा वाजत राहिला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेचे नाव आता दुसऱ्या कोणास लावता येणार नाही.

धारेचा माणूस सुरांत कसा रमला, ह्याचे नवल वाटते. आमची समजूत अशी की त्याने धंदा बदलला, पण विद्या बदलली नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढावी लागते. घोडीचा माथा कानशीने इतका हळुवार उतरवावयाचा, की तार त्यावर टेकते न टेकते अशी राहावी. तरच तो भरलेला, गुंजणारा नाद येतो. एक फेरा कमी झाला तर नाद मुका, एक जास्त झाला तर खरखर. पात्याची धार लावणे आणि घोडीची जवारी काढणे, दोन्हींत केसाएवढ्या उताराचा हिशेब आहे, आणि दोन्हींत शेवटचा निर्णय कानाचा आणि बोटांचा आहे. मात्र एक मोठा फरक झाला. तलवारीवर शिकलगाराचे नाव नव्हते. सतारीवर ते आले. गवई अमक्याच्या हातचा तंबोरा म्हणून मागू लागले, आणि घराण्याला सतारमेकर हे आडनाव लागले. मिरजेत आज सतारमेकर गल्ली आहे.

दुसरी वाट यंत्राची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी आरंभ केला तो कडबा कापण्याच्या यंत्रापासून. मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होईल ह्या समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात, अशी त्या दिवसांची हकीगत आहे. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगलीत; १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून जो जिल्हा झाला त्याचेच १९६० मध्ये सांगली असे नाव झाले. कडबा कापणारे पाते हेही पातेच होय. पण कारखान्यात एका माणसाच्या हाताऐवजी साचा आला. त्यात तोटा झाला असे आम्ही म्हणणार नाही. हजारो शेतकऱ्यांचे कष्ट त्याने वाचविले. नाव मात्र कारखान्याचे राहिले.

तिसरी वाट घराची: विळी, कोयता आणि अडकित्ता. अडकित्त्याला आम्ही घडीच्या चाकूचा सख्खा भाऊ मानतो. दोन दांड्या, एक खीळ, एक पाते. मिटला की धार झाकते. आणि घडविणाऱ्याने त्यावर जीव ओतलेला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे तो पाहिल्यावाचून आपल्या लोहारांची कल्पकता कळावयाची नाही. पोपट, मोर, घोडे, स्त्रीपुरुषांच्या आकृती. सुपारी फोडण्याच्या कामाला ह्यांतले काहीच आवश्यक नव्हते. दिनकर केळकर (१८९६ ते १९९०) ह्यांनी आपल्या आयुष्याची पन्नासावर वर्षे अशा वस्तू गोळा करण्यात घालविली. लोक जुने म्हणून मोडीत घालत होते ते त्यांनी उचलले. जमविणाऱ्याचा छंद म्हणून आपण हसतो. परंतु तो छंद नसता तर त्या कारागिरांचा एवढाही पुरावा उरला नसता.

परदेशात काय झाले

आता थोडे बाहेर पाहू. आपल्याकडे शस्त्रांचा कायदा झाला त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७६ मध्ये, जपानने सामुराईंना तलवार लावून फिरण्यास बंदी केली. तेथील तलवारकारांवरही तोच प्रसंग आला. त्यांतले पुष्कळ स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे वळले. त्या सुऱ्यांचे आज जगभर गिऱ्हाईक आहे. मिकी नावाच्या अवजारांच्या गावी १८९० नंतर हिगोनोकामी नावाचा साधा घडीचा चाकू निघाला: पत्र्याची दुमडलेली मूठ आणि एक पाते. शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १९६० च्या सुमारास मुलांच्या हाती चाकू नको अशी तेथे मोहीम झाली आणि हा धंदा जवळजवळ बुडाला. तरी तो नाहीसा झाला नाही, कारण चाकूवर करणाऱ्याची मुद्रा होती आणि ती ओळखणारे लोक होते. जपानी तलवारकार आपले नाव मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर कोरीत असे. मूठ काढल्यावाचून ते दिसत नसे, पण होते.

इंग्लंडात शेफील्ड हे चाकूंचे माहेर. तेथील रॉजर्स कंपनीने १८२२ मध्ये १८२२ पात्यांचा एक अचाट चाकू करून ठेवला आणि पुढे त्यात पाती वाढविली. हा झाला कारखान्याचा डौल. त्याच शेफील्डमध्ये लहानशा खोलीत बसून एकट्याने चाकू करणारे कारागीरही होते. त्यांतला स्टॅन शॉ हा १९४१ मध्ये पोरवयात कामाला लागला. कारखाने एकामागून एक बंद पडत गेले तरी तो घडीचे चाकू हातानेच करीत राहिला. पुढे त्याच्याकडे चाकू मागितला तर गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. २०१७ मध्ये त्याला राणीच्या सरकारने पदक दिले. २०२१ मध्ये तो वारला.

अमेरिकेत तर ह्या कारागिरीचा नवा जन्मच झाला. फ्लॉरिडातील बो रँडल ह्याने १९३७ च्या आसपास हौसेखातर चाकू करावयास घेतले. तो धंदा होऊन बसला. १९७० मध्ये अशा कारागिरांनी आपला संघ स्थापला. १९७३ मध्ये बिल मोरन ह्याने थर देऊन घडविलेल्या नक्षीदार पोलादाची पाती प्रदर्शनात मांडली आणि जुन्या विद्येकडे सर्वांचे लक्ष गेले. १९७६ मध्ये पाते घडविणाऱ्यांची निराळी संस्था निघाली. तिची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने आपण घडविलेल्या सुरीने मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडावयाचा. मग लाकडाची चांगली जाड फळी दोनदा तोडावयाची. त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवावयाचे. आणि शेवटी सुरी शेगड्यात धरून काटकोनात वाकवावयाची. तुटली तर नापास. आमच्या जुन्या शिकलगाराला ही परीक्षा पाहून हसू आले असते. तो रोजच तीत बसत होता. फरक एवढाच की तेथे उत्तीर्ण झालेल्याचे नाव लिहून ठेवतात, त्याची मुद्रा पात्यावर उमटते, आणि त्या मुद्रेवर किंमत ठरते.

आपल्याकडे उत्तरेत रामपूरचा चाकू असाच प्रसिद्ध. नवाबांच्या पदरचे शस्त्रकार ह्या धंद्यात उतरले असे सांगतात. हिंदी चित्रपटांनी त्याला गुंडाच्या हाती देऊन त्याचे नाव सर्वत्र केले आणि बदनामही केले. २०२३ मध्ये त्या शहराने चौकात सुमारे वीस फुटी चाकूचे स्मारक उभारले. शहराने आपल्या कारागिरीची लाज न बाळगता अभिमान धरला, हे चांगलेच झाले. परंतु चाकू करणारी घरे मागे थोडकीच उरली असता असे स्मारक उभे राहावे, हे मनाला लागते. वस्तूचा गौरव आपल्याला लवकर सुचतो, माणसाचा उशिरा.

आपल्यापुरते

ह्या सर्व हकीगतींतून आम्हांस एकच गोष्ट दिसते. जेथे घडविणाऱ्याचे नाव वस्तूबरोबर राहिले, तेथे राजे गेले, कायदे बदलले, कारखाने आले, तरी विद्या टिकून राहिली: मिरजेत टिकली, मिकीत टिकली, शेफील्डच्या एका खोलीतही टिकली. जेथे नाव गेले तेथे प्रथम किंमत गेली, मग मुलगा त्या धंद्यात येईनासा झाला, आणि शेवटी विद्या गेली. मुशीतल्या पोलादाचे असे झाले. नाव राखणे ही केवळ भावनेची बाब नव्हे. गिऱ्हाइकाला अमक्याच्या हातचे हवे असते तेव्हाच तो अमका आपला भाव सांगू शकतो.

कोणी म्हणेल, आता पोलाद कारखान्यात होते, चाकू बाजारात पाच-पन्नास रुपयांस मिळतो. ह्या जुन्या लोहारकामाचे एवढे काय? त्यावर आमचे उत्तर असे, की ऊसतोडीच्या हंगामात आमच्या ह्या दोन जिल्ह्यांत कोयत्याला धार लावावी लागते, आणि ती लावणारा माणूस अजून आपल्यातच आहे. शिकलगार हे आडनाव येथे आजही घरोघर ऐकू येते. त्यांतल्या एखाद्या वृद्धापाशी, पाणी देताना रंग कोठे थांबवावयाचा, कुरुंद कोणता घ्यावयाचा, ही माहिती असेल तर ती आज विचारून लिहून ठेवता येईल. दीडशे वर्षांनी परदेशातल्या प्रयोगशाळेत ती शोधावी लागू नये. हे काम इतिहास संशोधकांनीच करावयाचे असे नाही. वही-पेन्सिल घेऊन बसणारा शाळेतला मुलगाही करील. वस्तुसंग्रहालयांनी आपल्या चिठ्ठ्यांवर राजाच्या नावाखाली घडविणाऱ्याच्या जातीचे, गावाचे, कृतीचे जे ठाऊक असेल ते एका ओळीत लिहावे. आणि घरात आजीचा अडकित्ता पडला असेल तर तो मोडीत घालण्यापूर्वी उजेडात धरून पाहावा. एखाद्या कोपऱ्यात दोन अक्षरे, एखादी खूण कोरलेली सापडेल.

येत्या खंडेनवमीला आपण विळीला गंध लावाल, कोयत्याला फूल वाहाल. त्या वेळी हे पाते कोणी घडविले, ह्याला धार कोणी लावली, असा प्रश्न घरातल्या मुलाने विचारला तर त्याला उत्तर देता यावे, एवढीच आमची इच्छा आहे. उत्तर ठाऊक नसेल तर त्या मुलाला बरोबर घेऊन बाजारपेठेतल्या धार लावणाऱ्याकडे जावे, त्याचे नाव विचारावे आणि ते वहीत लिहून ठेवावे.